बुडीत लिहिणारे साहेब

आमच्या साहेबांची बायको बँकेत पैसे ठेवत नसे. हे त्यांनीच मला सांगितलं आणि तेही भर शाखेत, काउंटरपलीकडच्या ठेवीदारांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ती तूरडाळीच्या डब्यात ठेवते," ते म्हणाले, "मी दिवसभर काय करत फिरतो ते तिला माहीत आहे ना!" आणि एकटेच हसले. आम्ही कोणी हसलो नाही. आमची बँक तेव्हा बुडायला आली होती आणि ती किती बुडाली आहे हे पाहायला या गृहस्थांना पाठवलं होतं.

आमची बँक लहान. घाटकोपर, मुलुंड, मालाड अशा उपनगरांत मोजक्या शाखा, त्यातली बहुतेक कर्जं गिरणीत काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकीवर चालणाऱ्या दुकानांना दिलेली. गिरण्यांचा संप लांबला, पगार थांबले, मागोमाग हप्ते थांबले. लोक ठेवी काढायला धावले, तेव्हा वरून हुकूम आला की आता कोणालाही अगदी किरकोळ रकमेपलीकडे पैसे द्यायचे नाहीत. काही महिन्यांत फोर्टातली एक मोठी बँक आम्हाला पोटात घेणार, असं ठरलं. पण घेण्याआधी तिला हिशेब हवा होता. आम्ही दिलेल्या कर्जांपैकी कुठली परत येणार आणि कुठली नाही? जेवढी येणार तेवढ्याच ठेवी ठेवीदारांना लगेच मिळणार, बाकीच्यांनी वसुली होईल तशी वाट बघायची. तो हिशेब करायला साहेब आले. मी घाटकोपरचाच, गल्लीबोळ पाठ, म्हणून मला त्यांच्याबरोबर जुंपलं. पहिल्याच आठवड्यात शाखेत त्यांचं नाव पडलं, यमाचा क्लार्क.

उंच, पाठीत किंचित वाकलेले, पायात कॅनव्हासचे बूट. रिक्षात बसायचे नाहीत. बँकेच्या खर्चाने मिळत असूनही नाहीत. "रिक्षातून फक्त पुढच्या रिक्षाची पाठ दिसते," म्हणायचे. घाटकोपरपासून पवईच्या तलावापर्यंत मला त्यांनी एवढ्या वेळा चालवलं की माझ्या बायकोला वाटलं, बँक बुडाली म्हणून मी पोस्टमन झालो. वाटेत ते दुकानांच्या फळ्या बघत, गोदामांच्या दाराशी उभे राहून वास घेत. मसाल्याच्या एका गोदामापाशी नाक वर करून म्हणाले, "मिरचीच्या पोत्यांवर कर्ज दिलंय ना? मग ठसका कुठाय?" आत खरोखरच रिकामी पोती निघाली.

कागद ते सगळ्यात शेवटी बघत. आधी माणसाचं दार बघत, आणि दारातल्या चपला. हे त्यांचं खास शास्त्र होतं. चप्पल झिजलेली पण चांभाराकडून नीट शिवून घेतलेली असेल तर हप्ता उशिरा का होईना, येतो. कोरी करकरीत असेल तर जपून. अंगठा तुटून तशीच पडलेली असेल तर त्या घरातलं कोणीतरी खचलंय, तिथे आवाज चढवायचा नाही. या शास्त्रापायी दिंडोशीच्या एका वसाहतीत आम्ही मार खाता खाता वाचलो. साहेब खाली वाकून कर्जदाराची चप्पल उलटी करून तळ बघत होते, आणि आतून त्याची सासू बाहेर आली. "चप्पलचोर! अरे कोण आहे का रे तिकडे, चप्पलचोर!" चार मजल्यांवरून माणसं डोकावली. साहेबांनी चप्पल हातात तशीच धरून शांतपणे सांगितलं, "चोर नाही, बाई. बँकेतून आलोय." "मग तर त्याहून वाईट!" बाई म्हणाली. ते उत्तर साहेबांना इतकं आवडलं की फोर्टातल्या वरिष्ठांनासुद्धा त्यांनी ते फोनवर ऐकवलं.

मढला आम्ही एका बोटीच्या कर्जासाठी गेलो होतो. बोट समुद्रात, मालक समुद्रात. मी म्हटलं, साहेब, कागद बघू आणि जाऊ. ते वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी रुमाल अंथरून बसले आणि दिवस मावळायच्या बेताला बोट दिसेपर्यंत उठले नाहीत. कोळीणबाईंनी त्यांना दोनदा हाकललं, मग कंटाळून त्यांनाच कावळे हाकलायला सांगितलं. तेही त्यांनी मनापासून केलं. बोट आल्यावर मालकाशी दोन शब्द बोलून त्यांनी कर्ज 'बरं' म्हणून लिहिलं. मी परतीच्या वाटेवर चिडलेलो होतो, अंगाला मासळीचा वास येत होता. "एवढ्यासाठी अख्खा दिवस?" म्हटलं. "तू घरी बसून त्याला बुडीत लिहिलं असतंस," ते म्हणाले. खरं होतं ते, म्हणून मी आणखी चिडलो.

पण माणूस म्हणून त्यांच्याबरोबर राहणं फार अवघड होतं, कारण त्यांच्यादेखत कोणी खोटं बोललं की त्यांना ते सहनच होत नसे. निरुपद्रवी खोटंसुद्धा नाही. आमचे मॅनेजर फोनवर कोणाला तरी "साहेब जागेवर नाहीत" असं सांगत होते, तर हे पलीकडून ओरडले, "आहे की!" पैसे मिळणं बंद झाल्याच्या दिवसांत काउंटरसमोर गर्दी होती, बायका रडत होत्या. मॅनेजर खुर्चीवर चढून म्हणाले, "घाबरू नका, तुमचा पैसा शंभर टक्के सुरक्षित आहे." साहेब मागच्या बाकावरून उठले. "सुरक्षित नाही," म्हणाले. "पण पळूनही गेलेला नाही. किती आहे ते बघायला मी आलोय. मला वेळ लागेल. घरी जा, जेवा." मला वाटलं, आता काचा फुटणार. पण लोक हळूहळू पांगले. मला आजही त्याचं आश्चर्य वाटतं.

युनियनच्या गेट मीटिंगमध्ये मात्र आश्चर्य घडलं नाही. पुढारी सांगत होता, "नव्या बँकेत आपला एकही माणूस कमी होणार नाही!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागे उभ्या असलेल्या साहेबांनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा. "होणार. थोडे होणार. मालाडची शाखा बंद होणार आहे." त्यांची कॉलर कोणी धरली ते कळलं नाही, पण बुशकोटाचं एक बटण तिथेच राहिलं. मी त्यांना ओढत पानवाल्याच्या मागे नेलं आणि त्या एका दिवसात त्यांना म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं. काय गरज होती? कोणी विचारलं होतं का? त्यांनी ऐकून घेतलं. "आज कळलं म्हणून बटण तुटलं," ते म्हणाले, "नोकरी गेल्यावर कळलं असतं तर घरी जाऊन बायकोपोरांवर हात टाकला असता कोणीतरी." मग फुटपाथवर बसले. "थकलो रे," म्हणाले. "ही माझी कितवी बँक आहे माहीत नाही मला. सगळीकडे हेच. लोक मला विचारतात, किती उरलं? मी सांगतो. पुढे माझं तोंड बघवत नाही त्यांना."

मीही थकलो होतो. नोकरी राहणार की जाणार याचा घोर होता, आणि वर दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून त्यांच्या गरिबीचा अंदाज बांधायचा. असं काम करून घरी आलेल्या माणसाशी कोणी बोलू नये. माझी बायको बोलत नसे, शहाणी होती.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

आमच्या शाखेपासून वर, डोंगराच्या बाजूला एक चाळ होती. तिथे काकींची खानावळ होती. मालवणकडच्या, विधवा, मूलबाळ नाही. गिरणीतल्या एकट्या पुरुषांना रांधून घालण्यात त्यांची उमर गेली होती. नवऱ्याच्या गिरणीतून त्याच्यामागे मिळालेला सगळा पैसा त्यांनी आमच्याकडे मुदत ठेवीत टाकला होता. म्हातारपणाची सोय म्हणून होतं तेवढंच होतं. शेजारच्या खोलीत उत्तम राहायचा, साताऱ्याकडचा. घरात शिरल्यावर समोरच बुद्धाची तसबीर, खाली शिवणयंत्रावर त्याची बायको. तो गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता आणि लग्नाआधी कितीतरी वर्षं काकींच्या पंगतीला जेवला होता. काकींचे यजमान आजारी पडले तेव्हा उत्तमनेच त्यांना पाठीवर घेऊन डोंगर उतरवला होता.

संपात उत्तमची नोकरी सुटली. त्याने जुनं लेथ मशीन घ्यायचं ठरवलं आणि आमच्याकडे कर्ज मागितलं. तारणाला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकी एकट्याच शाखेत आल्या आणि स्वतःच्या ठेवीची पावती मॅनेजरसमोर ठेवून म्हणाल्या, ही घ्या तारण, पण त्याला सांगू नका. असलं काम मोठ्या बँकेत झालं नसतं. आमच्याकडे झालं. आमच्याकडे असंच चालायचं, ओळखीवर, गुपचूप, कोणाचं मन राखून. उत्तमला सांगण्यात आलं की तुझ्या गिरणीतल्या कामाच्या दाखल्यावर कर्ज पास झालंय. त्याने मॅनेजरांना पेढे दिले. शाखेत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, एक उत्तम सोडून.

साहेबांना मी तिथे नेलं तेव्हा उत्तमचे हप्ते बरेच थकलेले होते. साकीनाक्याच्या ज्या कारखानदाराला तो माल द्यायचा त्यानेच त्याचे पैसे अडकवले होते. साहेबांनी दारातल्या चपला बघितल्या नाहीत. सरळ लेथखाली वाकले आणि तिथे पडलेले लोखंडाचे कुरळे छिलके बोटांनी उचलून उजेडात धरले. ताजे होते, चकचकीत. म्हणजे मशीन रोज चालत होतं. "देणार तू," साहेब त्याला म्हणाले. "देणार ना साहेब," उत्तम म्हणाला, "जाणार कुठे? थोडा टाइम द्या फक्त. त्या मारवाड्याने माझी वाट लावली नसती तर तुम्हाला हितं चढून यायला लागलंच नसतं."

साहेबांनी कर्ज 'बरं' लिहिलं आणि फोर्टातून ते परत आलं. इतके हप्ते थकलेलं खातं नवी बँक घेणार नाही, विलीनीकरणाच्या आधी हाती असेल त्या तारणातून ते मिटवा, असा शेरा होता. साहेबांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा ते स्वतः फोर्टात जाऊन आले, तरी शेरा बदलला नाही.

आता दोनच वाटा होत्या. उत्तमचं लेथ जप्त करून विकायचं, म्हणजे काकींची पावती सुटली असती. नाहीतर काकींची पावती मोडून कर्ज फेडून घ्यायचं, म्हणजे लेथ राहिलं असतं. दुसरी वाट बँकेला सोपी. एक सही, खातं बंद. काकींना विचारायचीसुद्धा गरज नव्हती, त्यांनी आधीच सही दिलेली होती. मॅनेजर तेच म्हणाले. साहेब म्हणाले, "मी वर जाऊन सांगून येतो," आणि मला बरोबर घेतलं.

दुपार होती, पंगत उठली होती. काकी भांडी आवरत होत्या.

"येवा, बसा," त्या म्हणाल्या. "उभे कित्याक?"

साहेब बसले. आयुष्यात प्रथमच त्यांना सुरुवात सापडेना. नियम, तारण, विलीनीकरण असं काहीबाही बोलायला लागले.

"माका तुमचा इंग्लिश-बिंग्लिश सांगू नकात," काकी म्हणाल्या. "काय ता सरळ सांगा."

मग त्यांनी सरळ सांगितलं. मशीन उचललं तर तुमची पावती सुटते. पावती घेतली तर मशीन राहतं. तुम्ही म्हणालात तर मशीन उचलण्यासाठी मी भांडेन, नियमाने तेही करता येतं. पैसे तुमचे आहेत. तुम्हाला दुसरं काही नाही, हे मला माहीत आहे.

काकींनी ओले हात पदराला पुसले. फार विचार केला असं मला दिसलं नाही.

"मशीन उचललात तर त्येची पोरां काय खातली?"

"आणि पावती गेली तर तुम्ही काय खाल?" साहेबांचा आवाज चढला. "हात चालतायत तोवर ठीक आहे. पुढे? पुढे कोण बघणार आहे तुमच्याकडे?"

"मी दुसऱ्यांका रांधून घालतंय. माका दोन घास गावतले. पावती घेवा तुमी." मग त्या थोड्या पुढे झाल्या. "पण एक. उत्तमाक ह्यातला काय्येक कळाक नको. मानी आसा तो. कळला तर मशीन इकून पैसे माझ्यासमोर आणून टाकतलो, आणि पाण्याचो घोट घेवचो नाय माझ्या घरचो."

"मी खोटं बोलत नाही, बाई," साहेब म्हणाले.

"खोटा बोला असा कोण सांगता? गप रवा. तेवढा जमतला मा?"

साहेबांनी मान हलवली. उतरताना वाटेत दोनदा थांबले. मला वाटलं दम लागला असेल. "तू तिला जरा समजावून का नाही सांगितलंस?" असं माझ्यावरच डाफरले. मी काय समजावणार होतो? मी खाली बघत पुढे उतरू लागलो.

पावती मोडली. खातं बंद झालं. उत्तमला बँकेकडून मागणी येईनाशी झाली तेव्हा त्याने आपल्या मनाने अर्थ लावला. तेव्हा सगळीकडे बोललं जायचं की संपातल्या कामगारांची कर्जं माफ होणार, आणि त्याला वाटलं ती झाली. काकींची ठेव गेली हेही चाळीत कळलं. त्याचं कोणालाच नवल वाटलं नाही, कारण ठेवीदारांना कात्री लागणार हे ठरलेलंच होतं.

पुढे विलीनीकरण झालं. शाखेवर नवी पाटी लागली, फोर्टातून हार आले, पेढे वाटले. माझी नोकरी राहिली, मालाडच्या काही जणांची गेली. साहेबांचं काम संपलं. जायच्या दिवशी काकींनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. साहेब येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आले. बांगड्याची आमटी होती, भात होता. आम्ही बसलो तोच शेजारून उत्तम आला, हात काळे, तसाच उंबऱ्यात उभा राहिला.

"काकी, मला पण वाढ गं," तो म्हणाला, आणि मग साहेबांकडे वळला. "साहेब, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा."

"या म्हातारीचे पैसे तुम्ही लोकांनी खाल्ले."

"उत्तमा, जेव गुपचूप," काकी म्हणाल्या.

"थांब गं तू, बोलू दे मला. नवऱ्याच्या घामाचे पैसे होते हिच्या. एक पैसा कधी उडवला नाही हिने. आणि माझं कर्ज? ते माफ! कोणी सांगितलं होतं माझं माफ करायला? मी भीक मागितली होती का? दिलं असतं मी, आज ना उद्या दिलं असतं. माझं माफ करायच्या ऐवजी हिचं द्यायचं होतं ना! हा कुठला न्याय, साहेब? सांगा की."

साहेबांनी तोंड उघडलं. काउंटरसमोरच्या गर्दीत ते तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं, गेट मीटिंगमध्ये पाहिलं होतं, आणि पुढे काय होतं तेही पाहिलं होतं. माझा घास तसाच हातात राहिला. काकी पळी धरून उभ्या होत्या. त्यांनी साहेबांकडे नुसतं बघितलं.

साहेबांनी तोंड मिटलं. उष्टा हात तसाच ठेवून डावा हात कपाळापर्यंत नेला.

"चुकलं आमचं," ते म्हणाले.

उत्तमला हे अपेक्षित नव्हतं. त्याचा राग उतरला. तो खाली बसला, थोडा ओशाळला. "जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार, तुम्ही पण नोकरच. जेवा." काकींच्या हातून पळी घेऊन त्याने साहेबांच्या ताटात आमटी वाढली. मग काकींकडे बघून म्हणाला, "आणि तू कशाला तोंड पाडतेस गं? गेले तर गेले. मी आहे ना."